विळ्याच्या आकाराची पेशी आणि जातीचा रकाना

रक्ताला जात नसते, असे आपण सभांतून सांगतो आणि शाळेतून शिकवतो. ते खरे आहे. सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्टीवर थेंब पसरला की तेथे तांबड्या पेशी दिसतात, पांढऱ्या पेशी दिसतात. ब्राह्मण दिसत नाही, महार दिसत नाही, गोंड दिसत नाही. परंतु त्या काचपट्टीवर एक चिठ्ठी डकवलेली असते. तिच्यावर काय लिहायचे, हे रक्त ठरवत नाही. ज्या समाजात ती प्रयोगशाळा उभी असते तो समाज ते ठरवतो. विकृतिशास्त्राचा, म्हणजे रोग शरीरात कसा उपजतो, वाढतो आणि शरीराची कशी मोडतोड करतो याच्या अभ्यासाचा, इतिहास लिहिताना काचपट्टीबरोबर ही चिठ्ठीही वाचावी लागते.

मी वैद्यकाचा माणूस नाही. पूर्व विदर्भात इतिहास शिकवण्यात माझे आयुष्य गेले. पण या भागात शिक्षकी करणाऱ्याला सिकलसेल हा शब्द टाळता येत नाही. वर्गातला एखादा मुलगा दर पावसाळ्यात आठ-आठ दिवस गैरहजर राहतो. डोळे पिवळट, हाडे ठणकतात, वाढ खुंटलेली. त्याला आळशी म्हणणारे शिक्षक मी पाहिले आहेत. 'एएस' म्हणजे वाहक आणि 'एसएस' म्हणजे रोगी ही अक्षरे आमच्या वस्त्यांत आता बाराखडीइतकी माहितीची झाली आहेत. त्यांच्यामागचा इतिहास मात्र फारसा कोणी सांगत नाही. तो आपल्या चळवळीच्या कामाचा आहे, म्हणून हा लेख.

१

हा रोग वैद्यकाच्या ग्रंथात आला तो शिकागो शहरातून. १९०४ च्या डिसेंबरअखेरीस तेथील एका रुग्णालयात वेस्ट इंडिजमधील ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकण्यासाठी आलेला एक काळा तरुण दाखल झाला. खोकला, ताप, पायावर जखमा, धाप. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टराने त्याचे रक्त तपासले तेव्हा त्याला गोल पेशींबरोबर लांबट, वाकड्या, विळ्यासारख्या पेशी दिसल्या. आयर्न्सचे वरिष्ठ डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. विळ्याला इंग्रजीत सिकल म्हणतात, आमच्याकडे इळा. त्यावरूनच पुढे रोगाचे नाव पडले.

निबंधात रुग्णाचे नाव नव्हते. रुग्णाचे नाव छापू नये हा वैद्यकाचा चांगला रिवाज आहे. त्याचा वंश मात्र छापला गेला. नाव होते वॉल्टर क्लेमेंट नोएल. तो शिक्षण पुरे करून मायदेशी परतला, दंतवैद्यक करू लागला आणि १९१६ साली तिशी उलटते न उलटते तोच फुप्फुसाच्या विकाराने वारला. त्याचे नाव इतिहासकारांनी फार उशिरा शोधून काढले. तोवर जगाला तो फक्त एक 'निग्रो' म्हणून ठाऊक होता.

१९२२ साली व्हर्न मेसन यांनी चौथ्या रुग्णाची नोंद करताना रोगाला 'सिकलसेल अ‍ॅनिमिया' हे नाव दिले आणि तोपर्यंतचे चारही रुग्ण काळे होते याकडे लक्ष वेधले. चार माणसांच्या निरीक्षणातून एक समजूत उभी राहिली की, हा काळ्यांच्या रक्ताचा रोग आहे. ज्या देशात काळ्या रक्ताचा एक थेंबही माणसाला हीन ठरवायला पुरेसा होता, त्या देशात या समजुतीला खतपाणी घालावे लागले नाही. १९२९ साली एका ग्रीक कुटुंबात हाच रोग आढळला. शास्त्राच्या नियमाप्रमाणे आता समजूत बदलायला हवी होती. परंतु काही डॉक्टरांनी उलटाच प्रश्न विचारला: या गोऱ्या दिसणाऱ्या माणसांच्या पूर्वजांत कोणी निग्रो होता काय? पुरावा समजुतीविरुद्ध गेला तेव्हा समजूत शाबूत ठेवून माणसाची वंशावळच संशयित ठरवली गेली. आपल्या वाचकांना ही रीत अनोळखी वाटणार नाही. शूद्राने वेदार्थ जाणला तर त्याचा बाप कोण होता हे शोधणारी परंपरा आपल्याकडेही आहे.

२

रोग शरीरात काय करतो, हे थोडे सविस्तर सांगायला हवे. कारण रोग न समजता त्याच्या राजकारणावर बोलणे व्यर्थ आहे.

तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन असते. ते फुप्फुसातून प्राणवायू घेते आणि अंगभर पोहोचवते. सिकलसेलच्या रोग्यात हे हिमोग्लोबिन किंचित निराळे असते. प्राणवायू सोडला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून लांब काड्या होतात आणि त्या काड्या आतून पेशीला ताणून विळ्याचा आकार देतात. निरोगी पेशी लवचीक असते, केसापेक्षा बारीक वाहिनीतूनही ती मुडपून निघून जाते. विळ्याची पेशी ताठर. ती अडकते, मागच्या पेशी तिच्यावर आदळतात, वाट बंद होते. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही. तेथे उठते ती वेदना. रोगी ज्या दुखण्याला हाडे फुटणे म्हणतात ते हेच. थंडी, ताप, अतिश्रम, पाणी कमी पडणे, एवढे निमित्त पुरते.

निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही १० ते २० दिवसांत फुटते. म्हणून रक्त कायम कमी आणि डोळे पिवळे. तान्ह्या मुलाचे हातपाय सुजतात. प्लीहेतील रक्तवाहिन्या पुनःपुन्हा बंद होऊन लहानपणीच प्लीहा निकामी होते. जंतूंना गाळणारी ती चाळणीच गेल्यामुळे साधा न्यूमोनिया मूल घेऊन जातो. पुढे खुब्याचे हाड झिजते, मूत्रपिंड थकते, काहींना कोवळ्या वयात पक्षाघात होतो. एका रेणूतील बिघाड माणसाच्या डोक्यापासून पायापर्यंत कसा पसरतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण विकृतिशास्त्रात क्वचितच सापडेल.

हा बिघाड रेणूत आहे हे प्रथम सिद्ध झाले १९४९ साली. लायनस पाउलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विजेच्या क्षेत्रात हिमोग्लोबिन सोडून दाखवले की, रोग्याचे हिमोग्लोबिन वेगळ्या गतीने सरकते. रोगाचे मूळ रेणूपर्यंत नेऊन भिडवण्याची ही पहिली वेळ. यातले कळीचे प्रयोग करणारा हार्वे इटानो हा जपानी वंशाचा अमेरिकन होता. दुसऱ्या महायुद्धात केवळ वंशावरून ज्या हजारो नागरिकांना छावण्यांत डांबले त्यांत तो आणि त्याचे कुटुंब होते. १९५६-५७ मध्ये केंब्रिजला व्हर्नन इनग्रॅम यांनी नेमका फरक दाखवला: हिमोग्लोबिनच्या १४६ दुव्यांच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन, एवढेच. इनग्रॅमही पोरवयात नाझी जर्मनीतून इंग्लंडला आलेला. वंशाच्या नावाने हुसकलेल्या दोन माणसांनी 'वंशाच्या रोगा'चे रहस्य उलगडावे, ही इतिहासातील लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. उत्तर निघाले ते वंशाचे नव्हतेच. १४६ दुव्यांपैकी एका दुव्याचे होते.

आईबाप दोघांकडून हा बदललेला गुण आला तरच मूल रोगी होते. एकाकडूनच आला तर ते वाहक. सामान्य आयुष्य जगते, बहुधा त्याला पत्ताही नसतो.

३

ज्ञान एवढे स्पष्ट झाल्यावर ते माणसांच्या बाजूने वापरले जाईल असे कोणालाही वाटेल. याच पाउलिंग यांनी १९६८ साली असे सुचवले की, ज्यांच्यात हा गुण आहे अशा प्रत्येक तरुण-तरुणीच्या कपाळावर एक चिन्ह गोंदवावे, म्हणजे दोन वाहक एकमेकांना ओळखतील आणि प्रेमात पडणार नाहीत. पाउलिंग हे काही वंशद्वेष्टे गृहस्थ नव्हते. रसायनशास्त्राचे आणि शांततेचे, अशी दोन नोबेल पारितोषिके त्यांना मिळाली. अणुचाचण्यांविरुद्ध ते झगडले. रोग्यांच्या यातना कमी व्हाव्यात हाच त्यांचा हेतू होता. पण ज्याच्या कपाळावर गोंदायचे तो अमेरिकेत बहुतेक काळाच असणार, आणि ज्याच्या अंगावर अगोदरच समाजाने शिक्का मारला आहे त्याला दुसरा शिक्का म्हणजे काय, हा प्रश्न त्यांना पडला नाही. पेशवाईतील पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू असे, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात नोंदवले आहे. तेथेही मडके बांधणाऱ्याला आपण शुद्धतेचे रक्षण करतो असेच वाटत होते. शिक्का मारणाऱ्याचा हेतू विचारून शिक्क्याचे मोल ठरत नाही. तो ज्याच्या अंगावर बसतो त्याला विचारावे लागते.

गोंदण झाले नाही. पण १९७० नंतर अमेरिकेच्या अनेक राज्यांनी तपासणीचे कायदे केले. कोठे शाळाप्रवेशासाठी, कोठे विवाहाच्या परवान्यासाठी. घाईत केलेल्या काही कायद्यांत वाहक आणि रोगी यांतील फरकदेखील नीट नव्हता. धडधाकट वाहकांना नोकरी नाकारली गेली, विम्याचा हप्ता वाढला. तेथील हवाईदलाच्या अकादमीचे दार वाहकांना १९८१ पर्यंत बंद होते.

याच काळात ब्लॅक पँथर पक्षाने हा रोग आपल्या हाती घेतला. पँथर म्हटले की आपल्याकडे बंदूक आठवते. त्यांचे मोफत दवाखाने आठवत नाहीत. १९७१ साली त्यांनी सिकलसेलची मोहीम सुरू केली. कार्यकर्ते वस्तीत जात, घरोघर बोटाला टोचून रक्त घेत, रोग समजावून सांगत. त्यांचे म्हणणे साधे होते: ज्या रोगाने आमची मुले मरतात त्यावर संशोधनाला पैसा नाही, कारण मरणारी मुले आमची आहेत. यात तथ्य होते. १९७० साली डॉ. रॉबर्ट स्कॉट यांनी वैद्यकीय नियतकालिकातच दाखवले होते की, तितक्या प्रमाणात न आढळणाऱ्या इतर आनुवंशिक रोगांना याहून कितीतरी अधिक निधी मिळतो. १९७२ च्या मार्चमध्ये पँथरांनी आपल्या दहा कलमी कार्यक्रमात मोफत आरोग्यसेवेची मागणी घातली, आणि मे महिन्यात अमेरिकन संसदेचा सिकलसेलविषयक कायदा झाला. मदत घ्यायची असेल तर तपासणी ऐच्छिक असली पाहिजे, अशी अट त्यात होती.

त्याच १९७२ साली मुंबईत दलित पँथर जन्मली. नाव आपण तिकडून घेतले, आवेश घेतला, कवितेला बळ घेतले. काळ्यांच्या साहित्यावर आपल्या नियतकालिकांनी भरभरून लिहिले. पण रक्त तपासणारा पँथर आपण घेतला नाही. तो रोग आपल्याच विदर्भातील घराघरांत असताना घेतला नाही, हे मला अधिक बोचते.

४

भारतात हा रोग असल्याची पहिली नोंद १९५२ ची. हर्मन लेहमन आणि मेरी कटबुश यांनी निलगिरीतील आदिवासींत विळ्याच्या पेशी दाखवल्या. त्याच वर्षी आसामातील चहामळ्यांच्या मजुरांतही त्या सापडल्या. हे मजूर म्हणजे मध्य आणि पूर्व भारतातून पिढ्यांपूर्वी मळ्यांवर नेलेली माणसे. त्याच दशकात नागपूरकडच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आल्या. पुढे चित्र स्पष्ट झाले: गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर, यवतमाळ, तिकडे मेळघाट आणि सातपुड्यातील नंदुरबार. गोंड, माडिया, परधान, भिल्ल, पावरा आणि पूर्वाश्रमीचे महार यांच्यात प्रमाण मोठे. इतर जातींतही हा गुण आहे, पण कमी.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो माणसांनी धर्म बदलला, जात टाकली. पुढील अनेक वैद्यकीय निबंधांतील रकाना मात्र 'महार' असाच राहिला. रोगाचा प्रसार मोजण्यासाठी समूह लिहावा लागतो, हे मला मान्य आहे. पण समूह लिहिणे वेगळे आणि समूह हेच कारण मानणे वेगळे. सुरुवातीचे संशोधक कारण वंशातच शोधत होते. हा गुण द्रविडपूर्व, 'वेद्दाभ' वंशाची खूण असावी असा तर्क लेहमन यांनी मांडला. १९८० नंतर जनुकांचे बारकावे तपासता येऊ लागले तेव्हा भारत आणि अरबस्तानातील प्रकार आफ्रिकेहून निराळा दिसला आणि तो स्वतंत्रपणे उपजला असे बहुतेकांनी मानले. २०१८ मध्ये संपूर्ण जनुकसंच तपासणाऱ्या एका अभ्यासाने पुन्हा सुमारे ७३०० वर्षांपूर्वीचा एकच उगम सुचवला. वाद चालू राहील. पण उगम एक असो वा अनेक, तो जातिव्यवस्थेच्या कितीतरी आधीचा आहे. चातुर्वर्ण्य जन्मायच्या आधीपासून ही पेशी माणसाच्या रक्तात आहे.

मग ती काही समूहांत इतकी का साचली? पहिले उत्तर अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून दिले. वाहक मुलाला मारक हिवतापापासून बरेचसे संरक्षण मिळते. जेथे हिवताप पिढ्यान्‌पिढ्या मुले खातो तेथे वाहक मुले अधिक जगतात आणि तो गुण वाढत जातो. जंगलाचा, धानाच्या बांध्यांचा आणि तलावांचा आमचा मुलूख हिवतापाचा मुलूख. म्हणजे ज्याला लोक रक्ताचा दोष म्हणतात तो एके काळी जगण्यासाठी मोजलेल्या किमतीचा भाग होता. दोन वाहकांपोटी जन्मलेल्या चारांतले सरासरी एक मूल ती किंमत चुकवत आले.

परंतु डास जात विचारत नाही. एकाच गावात, एकाच तलावाच्या काठी राहणाऱ्या जातींत प्रमाण इतके वेगळे कसे? येथे विकृतिशास्त्राचे उत्तर संपते आणि समाजशास्त्राचे सुरू होते. ते बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातील चर्चासत्रात, पंचविशीत असताना, देऊन ठेवले आहे: सजातीय विवाह हाच जातीचा प्राण. हिवतापाने हा गुण वाढवला. बेटीबंदीने त्याला कुंपण घातले. डोंगरातील आदिवासीला एकटेपणाने वेढले, गावकुसाबाहेरच्याला बहिष्काराने.

गणित करून पाहा. समजा, एका समूहात दर पाचांत एक वाहक आहे. सगळे विवाह समूहातच झाले तर पंचवीस जोडप्यांत एक जोडपे दोन्ही वाहकांचे, आणि शंभर जन्मांत सुमारे एक मूल रोगी. आता त्याच समूहातील माणसे अशा समूहाशी सोयरीक करू लागली की जेथे शंभरांत एक वाहक आहे; तर पाचशे जोडप्यांत एक, आणि दोन हजार जन्मांत सुमारे एक. गुण नाहीसा होत नाही, पण तो दोन्ही बाजूंनी एकाच मुलाच्या वाट्याला येण्याचा योग विरळ होतो. जातिअंत हा काही औषधोपचार नाही. तो न्यायासाठी हवा, रोग नसता तरी हवा होता. तरीही जात माणसाच्या हाडांपर्यंत कशी पोहोचते हे ज्याला अक्षरशः पाहायचे असेल, त्याने हे गणित फळ्यावर मांडावे.

५

आता उपचाराचा प्रश्न. १९८६ साली अमेरिकेत सिद्ध झाले की, लहानपणापासून नियमित पेनिसिलिन दिले तर या मुलांचे जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू मोठ्या प्रमाणात टळतात. १९९५ साली हायड्रॉक्सियुरिया या औषधाने वेदनेचे झटके निम्म्यावर येतात असे दिसले. दोन्ही औषधे महाग नाहीत. २०२३ अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत जनुकातच दुरुस्ती करणाऱ्या उपचाराला मान्यता मिळाली. अमेरिकेत त्याची किंमत एका रुग्णामागे २२ लाख डॉलर ठेवली गेली. गडचिरोलीच्या मुलाला तो उपचार म्हणजे चंद्र. पण पेनिसिलिनही वेळेवर मिळत नसेल तर दोष विज्ञानाचा नाही.

भारतात १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. ४० वर्षांखालील ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचे उद्दिष्ट. पहिल्या नोंदीपासून राष्ट्रीय मोहिमेपर्यंत ७१ वर्षे गेली. मोहिमेचा भर आदिवासी भागावर आहे आणि तो योग्यच आहे. पण विदर्भातील बौद्ध वस्त्या आणि शहरातील झोपडपट्ट्या तिच्या कडेला राहू नयेत, हे कार्यकर्त्यांनी पाहायला हवे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल रोगाचा समावेश झाला, परंतु त्याच कायद्यातील नोकरीच्या राखीव जागांच्या प्रवर्गांत रक्तविकार नाहीत. महिन्यातून चार दिवस ज्याची हाडे फुटतात त्याला प्रमाणपत्र मिळते, राखीव जागा मिळत नाही.

तपासणीनंतर कार्ड मिळते आणि लग्न जुळवण्याआधी ते पाहावे असा सल्ला दिला जातो. सल्ला शहाणपणाचा आहे. माझ्या एका माजी विद्यार्थिनीचे ठरलेले लग्न ती वाहक निघाली म्हणून मोडले. मुलाने स्वतःची तपासणी करून घेतलीच नव्हती. तो निरोगी निघाला असता तर त्यांच्या एकाही मुलाला हा रोग झाला नसता. रोग दोघांकडून येतो आणि बोल एकीला लागतो. कपाळावरचे गोंदण टळले म्हणून कार्ड गोंदण होणार नाही, अशी खात्री कोणी देऊ नये. जेथे समज नाही तेथे कार्डाचा शिक्का व्हायला वेळ लागत नाही.

म्हणून काम आपल्यासमोर आहे. शिक्षकांनी वाहक आणि रोगी यांतील फरक आठवीच्या वर्गात फळ्यावर शिकवावा आणि पावसाळ्यात गैरहजर राहणाऱ्या मुलाला आळशी म्हणणे थांबवावे. विद्यार्थ्यांनी तपासणी करून घ्यावी; मुलांनी आधी, मुलींनी नंतर. कार्यकर्त्यांनी जयंतीच्या मंडपाशेजारी एक दिवस रक्ततपासणीचा तंबू टाकावा, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध शिल्लक आहे की नाही याची नोंद दर महिन्याला ठेवावी. प्रत्येक तपासणीची माहिती तपासून घेणाऱ्याची आहे, गावाची नाही, हा आग्रह धरावा. आणि कोणी याला आपल्या जातीचा रोग म्हटले, मग तो परका असो की आपला, तर त्याला नोएलची, त्या ग्रीक कुटुंबाची आणि सहाव्या जागेवरच्या एका दुव्याची हकीकत सांगावी.